भाडे उतरले, फरक कोणाचा?

ज्याने सहा महिने आधी विश्वासाने पैसे मोजले त्याने अधिक द्यावे, आणि जो जहाज सुटण्याच्या आठवड्यापर्यंत खिशाला हात न लावता बसून राहिला त्याला तीच खोली, तेच जेवण आणि तोच समुद्र कमी पैशांत मिळावा, असा एक नवा व्यापारधर्म आपल्या किनाऱ्यावर रूढ होऊ पाहत आहे. मुंबई, मुरगाव, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणाऱ्या विहारनौकांना आता सर्वजण क्रूझ याच नावाने ओळखतात. त्यांचे भाडे आज एक असते, पंधरा दिवसांनी दुसरे आणि महिन्याने तिसरे. चढले तर आधी तिकीट काढणारा स्वतःला शहाणा समजतो. उतरले, म्हणजे तो फरक मागण्यासाठी एजंटाच्या दारात उभा राहतो आणि तेथे त्याला बारीक अक्षरांत छापलेला एक कागद दाखवण्यात येतो. एकदा केलेले आरक्षण त्या दरानेच कायम समजले जाईल, असे त्या कागदावर लिहिलेले असते. वाद संपला! परंतु तो खरोखर संपला आहे काय, हा प्रश्न आज आम्हाला विचारावयाचा आहे.

घाटमाथ्यावरच्या जोयडा तालुक्याचा समुद्रातील जहाजाशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदरापासून निघालेला लोहमार्ग ब्रागांझा घाट चढून याच तालुक्यातील कॅसलरॉकला पोहोचला, आणि पोर्तुगीज अमदानीत सरहद्दीचे तपासनाके येथेच होते. अनमोडचा घाटरस्ता या तालुक्याला आजही गोव्याशी जोडतो. मुरगावला उतरणाऱ्या पर्यटकाला दुधसागर, कॅसलरॉक, गणेशगुडी, अणशी ही नावे आता अपरिचित नाहीत. रामनगर किंवा जोयड्याच्या एखाद्या कुटुंबाला मुलाबाळांसह दोन रात्री जहाजातून फिरून यावेसे वाटले, तर तेही आज अशक्य राहिलेले नाही. परंतु याहून मोठे कारण असे की, मोठे जहाज ज्या रीतीने आगाऊ पैसे घेते आणि परताव्याबाबत हात वर करते, तीच रीत हळूहळू गणेशगुडीच्या राफ्टिंगच्या पावतीवर आणि जंगलाच्या कडेला दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवणाऱ्याच्या नोंदणीत उतरते. बंदरात जो शिरस्ता पडतो तो घाट चढून यायला वेळ लागत नाही.

आधी कंपन्यांची बाजू नीट समजून घेऊ. जहाज धक्क्यावरून सुटले की त्यातील रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते. ती उद्या विकता येत नाही. इंधन, खलाशी, बंदराचा आकार, स्वयंपाकघर हा खर्च तर जहाज अर्धे भरले काय आणि पूर्ण भरले काय, फारसा कमी होत नाही. शिवाय जहाजात चढलेला प्रवासी केवळ भाडे देऊन थांबत नाही. मद्यगृह, जुगाराची दालने, दुकाने, बंदरावर उतरून करावयाच्या सहली यांतून कंपनीला निराळी प्राप्ती होत असते. तेव्हा तारीख जवळ आली आणि खोल्या रिकाम्या दिसू लागल्या की भाडे पाडून त्या भरणे हे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे. भाडे उतरवले म्हणून कोणाला दोष देण्याचे कारण नाही. उलट, ज्याला एरवी परवडले नसते अशा माणसाला त्यामुळे समुद्र पाहायला मिळत असेल तर आम्हाला आनंदच आहे.

येथे कंपनीचे वकील एक दृष्टांत देतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी बाजारात फुले महाग असतात, रात्री उरलेली फुले विक्रेता मिळेल त्या भावाने देऊन टाकतो. सकाळी फुले नेणारा मनुष्य रात्री परत येऊन फरक मागतो काय? मागत नाही, आणि मागू लागला तर लोक त्याला हसतील. दृष्टांत मोठा चतुर आहे. पण जहाजाला तो लागू पडत नाही. सकाळी पैसे देणाऱ्याने सकाळीच फुले घरी नेली, ताजी आणि हवी तशी निवडून नेली. त्याचा व्यवहार तेथेच पुरा झाला. क्रूझचे तिकीट सहा महिने आधी काढणाऱ्याच्या हाती काय पडते? एक कागद, आणि आता तोही नाही, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचा एक क्रमांक. त्याला खोली मिळालेली नसते, जेवण मिळालेले नसते, आणि जहाज वेळेवर सुटेल याची खात्रीही मिळालेली नसते. मिळालेले असतात ते कंपनीला पैसे. त्या पैशांवर कंपनी आपला धंदा चालवते, बँकेकडून घ्यावे लागले असते ते कर्ज तेवढ्यापुरते वाचवते आणि त्याबद्दल एक पैसा व्याज देत नाही. असा मनुष्य केवळ गिऱ्हाईक नव्हे. व्यवहाराच्या साध्या भाषेत तो कंपनीचा धनको आहे. धनकोलाच सर्वांत चढा भाव लावायचा आणि ज्याने काहीच दिलेले नव्हते त्याला सवलतीचा मान द्यायचा, हे कोणत्या सावकारीत बसते?

आता कोणी म्हणेल, भाडे उतरले तर जुने तिकीट रद्द करून नवे काढावे. इथेच खरी मेख आहे. समजा, चौघांच्या कुटुंबाने एक लाख वीस हजार रुपये भरले आणि महिन्याने त्याच फेरीच्या त्याच वर्गाच्या खोल्या नव्वद हजारांत निघाल्या. फरक तीस हजारांचा. परंतु जुने तिकीट रद्द करायला गेल्यास निम्मी रक्कम कापली जाणार असेल, तर साठ हजार गमावून तीस हजार वाचवण्याचा वेडेपणा कोण करील? म्हणजे प्रवासी जागच्या जागी जखडला गेला. रद्द करण्याचा आकार हा कंपनीचे नुकसान भरून निघावे म्हणून असतो असे सांगितले जाते. पण येथे त्याचे काम निराळेच आहे. ते दाराला लावलेले कुलूप आहे, आणि त्याची किल्ली ज्याच्याकडे आहे तोच आत बसलेल्याला सांगतो की आपण आपखुशीने येथे आहात.

परदेशांतील रीत पाहिली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेतील मोठ्या क्रूझ कंपन्या आरक्षणाच्या वेळी प्रथम थोडी अनामत घेतात आणि बाकीची रक्कम जहाज सुटण्याच्या साधारण अडीच-तीन महिने आधी भरून घेतात. या शेवटच्या हप्त्याच्या तारखेपर्यंत भाडे उतरले आणि प्रवाशाने मागणी केली, तर अनेक कंपन्या त्याला नवे भाडे लावून देतात. ती तारीख गेली की मग क्वचित जहाजावर खर्च करण्याची पत मिळते, क्वचित वरच्या वर्गाची खोली मिळते, बहुधा काहीच मिळत नाही. या कंपन्या काही धर्मादाय संस्था नव्हेत. अनामत परत मिळण्याजोगी असेल तर शेवटच्या हप्त्यापूर्वी प्रवासी तिकीट रद्द करून तेच तिकीट नव्या भाड्याने पुन्हा काढू शकतो; तेव्हा त्याला हेलपाटा घालायला लावण्यापेक्षा फरक देणेच त्यांना सोयीचे पडते. म्हणूनच अलीकडे तेथे ‘अनामत परत नाही’ अशा अटीचे स्वस्त तिकीट पुढे करण्याची युक्ती निघाली आहे. म्हणजे भाड्यातील फरक मिळण्याचा हक्क हा मुळात तिकीट मोडण्याच्या हक्कातून येतो. पहिला नाही तेथे दुसरा मिळण्याची आशा व्यर्थ होय. आपल्याकडे फरकाची ओरड पुष्कळ होते आणि कुलुपाकडे कोणी पाहत नाही, ही आमची खरी तक्रार आहे.

हा व्यापारधर्म केवळ जहाजवाल्यांनी आणला असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. सरकारची रेल्वे या शाळेत त्यांच्या आधी बसली होती. २०१४ च्या जूनमध्ये भाडेवाढ झाली तेव्हा ज्यांनी आधीच आरक्षण केले होते त्यांच्याकडूनही, २५ जून व त्यानंतरच्या प्रवासासाठी, वाढीव फरक गाडीत तिकीट तपासनिसांमार्फत वसूल करण्याचा हुकूम निघाला होता. त्या वेळी रेल्वेचे म्हणणे असे की, भाडे प्रवासाच्या दिवसाचे, आरक्षणाच्या दिवसाचे नव्हे. बरे, हे तत्त्व मान्य करू. मग २०२३ च्या जुलैत रेल्वे मंडळाने कमी प्रवासी मिळणाऱ्या गाड्यांच्या वातानुकूलित खुर्चीयानांत व एक्झिक्युटिव्ह वर्गात, वंदे भारतसह, मूळ भाड्यात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा काय झाले? आधी तिकीट काढलेल्यांना कोणताही परतावा मिळणार नाही, असे त्या आदेशातच नमूद करण्यात आले. भाडे चढले तेव्हा प्रवासाचा दिवस खरा आणि उतरले तेव्हा आरक्षणाचा दिवस खरा! घेताना एक माप आणि देताना दुसरे, अशी ही दुहेरी वजने सरकारी खात्याने वापरावीत, मग खाजगी कंपनीने काय शिकावे?

२०१६ च्या ९ सप्टेंबरपासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांना चढत्या भाड्याची पद्धत लागू झाली. दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वर, अशी ती शिडी होती. लवकर येणाऱ्याला स्वस्त, उशिरा येणाऱ्याला महाग, हे निदान समजण्याजोगे तरी होते. पण जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा तक्ता लागल्यानंतर उरलेल्या जागांवर दहा टक्के सूट देण्याचे ठरले, आणि १ जानेवारी २०१७ पासून ती इतर आरक्षित गाड्यांनाही लागू झाली. म्हणजे शिडी चढून मध्यावर बसलेला सर्वांत तोट्यात! रेल्वेच्या बाजूने एवढे मात्र सांगितले पाहिजे की, १ जानेवारी २०२० आणि १ जुलै २०२५ या दोन्ही भाडेवाढींच्या वेळी आधी काढलेल्या तिकिटांवर फरक वसूल केला गेला नाही. चढत्या भाड्याचा भार तरी त्यामुळे आधीच्या प्रवाशावरून उतरला. तसेच गाडीच रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात. २०२१ च्या जुलैत दुधसागर-सोनावळी टापूत दरड कोसळून गाडी घसरली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच टापूत मालगाडीचे डबे घसरले. त्या दिवसांत कॅसलरॉकवरून जाणाऱ्या गाड्या रद्द झाल्या तेव्हा घाटातल्या प्रवाशाला निदान पैशांची चिंता नव्हती. सेवा नाही तर पैसे परत, या सरळ नियमाला रेल्वेने आजवर बाध आणलेला नाही, आणि म्हणूनच इतक्या गैरसोयी सोसूनही लोकांचा तिच्यावर भरवसा आहे.

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना कोकणच्या आगबोटी आठवत असतील. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला यायची. अनेक बंदरांत धक्का नसल्याने बोट दूर उभी राहायची आणि माणसे पडावात उतरायची. गर्दी, उलट्या, ट्रंका, आंब्यांच्या करंड्या, सारे काही होते. सुखसोय मात्र बेताचीच. परंतु डेकवर शेजारी पथारी टाकलेल्या दोघांनी वेगवेगळे भाडे दिले आहे असे सहसा होत नसे. दर लिहिलेला असे आणि तो सर्वांना एक असे. या सरळपणाची किंमत ती सेवा बंद पडल्यावर अनेकांना कळली.

अर्थात त्या काळीही भाडे पाडण्याचे खेळ होते आणि ते निष्पाप नव्हते. १९०६ साली तुतिकोरीन येथे चिदंबरम् पिल्ले यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून कोलंबोची फेरी सुरू केली तेव्हा ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवता उतरवता शेवटी फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली. स्वदेशी कंपनी बुडाली. उतरलेले भाडे पाहून हुरळणाऱ्याने त्या छत्रीची आठवण ठेवावी. आजच्या सवलतींमागे असा डाव आहे असे आम्ही म्हणत नाही. भाडे का उतरते आणि कोणाच्या पैशावर उतरते, हे पाहण्याची सवय असावी, इतकेच.

आगाऊ पैसे देणारा हा धनको आहे असे आम्ही वर म्हटले. अडचणीच्या दिवसांत त्याची अवस्था कशी होते हे करोनाच्या साथीने दाखवून दिले. २०१९ मध्ये गाजावाजाने सुरू झालेली एक भारतीय क्रूझ कंपनी २०२० मध्ये बंद पडली आणि तिचे ‘कर्णिका’ जहाज मोडीसाठी अलंगच्या किनाऱ्यावर गेले. २०२२ च्या जानेवारीत मुंबईहून मुरगावला आलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर करोनाचे अनेक रुग्ण आढळले आणि सुमारे दोन हजार माणसांना घेऊन जहाज मुंबईला परतले. गोवा पाहायला निघालेल्या शेकडो कुटुंबांनी तो किनारा दुरून पाहिला. विमान-प्रवाशांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला आणि टाळेबंदीच्या काळात टाळेबंदीतीलच प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करण्यास कंपन्यांना सांगितले. इतर तिकिटांबाबतही पैसे अथवा पत मिळण्याची व्यवस्था लावून दिली. जहाजाच्या प्रवाशासाठी एवढी स्पष्ट तरतूद अद्याप झालेली नाही. दिवाळखोरीच्या कायद्यात २०१८ साली दुरुस्ती करून घरासाठी पैसे भरलेल्यांना वित्तीय धनकोंच्या रांगेत बसवण्यात आले. सहलीसाठी पैसे भरलेला मात्र रांगेच्या टोकालाच राहिला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. केवळ भाडे उतरले आणि फरक दिला नाही, एवढ्याने आजच्या कायद्यात गुन्हा होत नाही. वाचकांना खोटी आशा लावण्यात अर्थ नाही. परंतु हाती काहीच नाही असेही नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना प्रथमच आली. करारभंगामुळे झालेल्या नुकसानाशी प्रमाणच नसलेला दंड ग्राहकावर लादणारा करार तिच्यात मोडतो. ज्या खोलीचे तिकीट मोडले ती खोली कंपनीने दुसऱ्याला विकून टाकली आणि तरीही पहिल्याची निम्मी रक्कम ठेवून घेतली, तर तो दंड प्रमाणात आहे असे कंपनीला न्यायासनासमोर सिद्ध करणे सोपे जाणार नाही, असे आम्हाला वाटते. अशी तक्रार मात्र राज्य आयोगाकडे न्यावी लागते, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही कायद्यातील उणीवच म्हणावी लागेल. सेवेतील त्रुटीबद्दल आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल मात्र जिल्हा आयोगाकडे जाता येते. विशेष म्हणजे तक्रारदार जेथे राहतो तेथेच ती दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत आहे, म्हणून रामनगरच्या माणसाने मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही; कारवारचा आयोग त्याला पुरे आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे प्रथम तक्रार नोंदवता येते, आणि पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

दुसरे हत्यार २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिले. ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्या त्याने नावानिशी सांगून मना केल्या. ‘फक्त दोनच खोल्या शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे ही त्यांपैकी एक. आरंभी थोडे भाडे दाखवून शेवटी बंदराचा आकार, कर, सेवाशुल्क यांची शेपटी जोडणे ही दुसरी. ज्या फेरीच्या दोनच खोल्या उरल्याचे सांगून मार्चमध्ये घाईघाईने पैसे भरून घेतले, त्याच फेरीच्या खोल्या मेमध्ये सवलतीत विकल्या जात असतील, तर मार्चमधले ते वाक्य खरे होते काय, हे विचारण्याचा प्रवाशाला पूर्ण अधिकार आहे. म्हणून आमचे सांगणे असे की, पैसे भरताना पडद्यावर जे दिसते त्याचे चित्र जपून ठेवावे आणि भाडे उतरल्याची जाहिरातही जपून ठेवावी. तोंडी आश्वासन देणाऱ्या एजंटाकडून तेच चार ओळींत लिहून घ्यावे. लिहून देण्यास जो कचरतो त्याच्याकडे पैसे भरूच नयेत.

कंपन्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. आगाऊ आरक्षण करणाऱ्याला भाडेवाढीपासून संरक्षण मिळते, मग घसरणीचा तोटा त्याने का सोसू नये, असे ते विचारतात. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण अनेक क्रूझ करारांत इंधन महागले तर अधिभार, बंदराचा आकार वाढला तर फरक, कर वाढला तर तोही, हे सर्व मागाहून वसूल करण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. संरक्षण पुरते द्यायचे नाही आणि त्याची किंमत मात्र पुरती घ्यायची, हा सौदा बरोबरीचा नव्हे. उतरलेल्या भाड्याचा फरक द्यावा लागला तर आम्ही मुळातच भाडे चढे ठेवू, असाही धाक घातला जातो. ठेवावे. फुगवलेल्या भाड्याने जहाज भरत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आता पुन्हा घाट चढून जोयड्यात येऊ. कारण येथे गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही आपलेच आहेत. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात ज्यांनी कर्ज काढून दोन-चार खोल्या बांधल्या त्यांची गोष्ट जहाजाच्या कंपनीसारखी नाही. दूरच्या शहरातील आरक्षण-संस्था पडद्यावर सवलत जाहीर करते. त्या सवलतीचा भार कोणी सोसायचा हे तिच्या आणि घरमालकाच्या करारात कोठे तरी दडलेले असते. आधी थेट फोन करून पूर्ण दराने आलेला पाहुणा जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या शेजारच्या पाहुण्याचा दर ऐकतो आणि त्याचा घास अडतो. दोष नसताना मान खाली घालावी लागते ती घरमालकाला. अशा ठिकाणी घरमालकाने थेट येणाऱ्याला संस्थेपेक्षा चढा दर कधीही लावू नये, हे त्याच्याच हिताचे आहे. संस्थांनीही त्याच्या लेखी संमतीवाचून त्याच्या दारावर सवलतीची पाटी टांगू नये.

गणेशगुडीच्या राफ्टिंगचा प्रश्न निराळा. तेथील काळी नदीचा प्रवाह सुपा धरणाच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो आणि ते पाणी विजेच्या गरजेप्रमाणे सुटते, पर्यटकांच्या हौसेप्रमाणे नव्हे. पाणी नसले तर नाव निघणार नाही. हा कोणाचा अपराध नाही. पण नाव निघाली नाही तर घेतलेले पैसे त्याच दिवशी परत झाले पाहिजेत. पुढच्या खेपेचे कूपन हा परतावा नव्हे. हुबळीहून किंवा मुंबईहून एकदाच आलेला मनुष्य त्या कागदाचे काय करणार? पाहिजे असल्यास त्याने ते आपखुशीने घ्यावे. त्याच्या हाती ते कोंबू नये. आधी देणे आणि मागाहून मिळण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे या तालुक्याला शिकवण्याची गरज नाही. ज्याच्या नावावरून हा तालुका पूर्वी ओळखला जाई ते जुने सुपे गाव याच धरणाच्या जलाशयात गेले आणि तेथील माणसे रामनगरात येऊन वसली. आपल्या अंगणात आलेल्या परक्या माणसाला तो अनुभव देणे येथील माणसाच्या स्वभावात बसणारे नाही, आणि म्हणूनच पैसे परत करण्याचा नियम येथून सुरू झाला तर तो शोभून दिसेल.

केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरअखेर ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत देशातील क्रूझ-प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. धक्के बांधले जातील, प्रवासी-सदने उभी राहतील, उद्घाटनांच्या कोनशिला बसतील. त्यांच्याच जोडीला नौकानयन मंत्रालयाने आरक्षणाच्या अटींचा एक नमुना-करार तयार करून तो सर्व कंपन्यांना बंधनकारक करावा, अशी आमची मागणी आहे. शेवटच्या हप्त्याची तारीख ठरलेली असावी आणि तोपर्यंत उतरलेल्या भाड्याचा लाभ आधीच्या प्रवाशाला न मागता मिळावा. त्यानंतर तिकीट मोडणाऱ्याची खोली पुन्हा विकली गेली, तर कंपनीला खरोखर झालेल्या तोट्यापलीकडे एक रुपयाही कापला जाऊ नये. या अटी पैसे भरण्यापूर्वी, प्रवाशाच्या भाषेत आणि वाचता येतील अशा अक्षरांत समोर याव्यात. इकडे कारवारच्या जिल्हा प्रशासनाला तर मंत्रालयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. गणेशगुडीच्या नदीकाठी कन्नड, मराठी, कोकणी आणि इंग्रजीत एक फलक लावावा, त्यावर दर लिहावा, नाव न निघाल्यास पैसे कोणी आणि किती वेळात परत करायचे ते लिहावे, आणि तक्रारीसाठी एका अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी द्यावा. पाऊस ओसरून पर्यटकांच्या गाड्या अनमोडचा घाट चढू लागण्यापूर्वी हे काम व्हावे.